शून्य अंशाचा दिवा

मी इथे इतरांचे अनुभव वाचून खाली शंका काढणारा माणूस आहे. "वाऱ्याने दार वाजलं असेल", "जेवण जड झालं असेल" अशा कॉमेंट टाकून मी कित्येकांचा हिरमोड केलाय. आज माझी पाळी आहे… तेव्हा मला सोडू नका. उलट कोणाला काही सुचलं तर उपकारच होतील.

भुताखेतांवर विश्वास नसणं हा माझा जवळजवळ धंदा होता. पुलगावच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक आणि आम्लं सांभाळायची, असं काम. शाळेत अंधश्रद्धेवर कार्यक्रम असला की बुवाचं सोंग घेऊन मंत्राने होम पेटवायचा मान माझा. त्यात कसला मंत्र… परमँगनेट आणि ग्लिसरीन. एका वर्षी ग्लिसरीन जास्त पडलं आणि माझी डावी मिशी गेली. विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिलेत, मी निदान अर्धी मिशी तरी दिली आहे.

गावात सगळे मला 'सर' म्हणत, आणि मी कोणाला कधी दुरुस्त केलं नाही. एकच माणूस मला 'मास्तर' म्हणे, तेही अशा सुरात की मी मास्तर नाही हे मला त्याच क्षणी आठवावं. तो मनोहर. शाळेच्या फाटकासमोर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा गिरडचा, दर्ग्याच्या टेकडीखाली घर. शिक्षण दहावी नापास. पण बंद पडलेली वस्तू हातात घेतली की डॉक्टरसारखा तिला कान लावायचा आणि दहातल्या नऊ वेळा एकच निदान करायचा : "लूज कनेक्शन हाय."

आता जरा अंतराळात जाऊ, थोडाच वेळ.

आठ-नऊ वर्षांपूर्वी जपानच्या एका यानाने एका लघुग्रहावर दोन लहानसे रोव्हर सोडले. लघुग्रह म्हणजे आकाशात फिरणारा एखाद्या डोंगराएवढा धोंडा. त्याच्यावर वजन असं काही लागतच नाही, त्यामुळे चाकांचा उपयोग नाही, चाक फिरलं की गाडीच वर उडणार. म्हणून त्या रोव्हरांना चाकंच नव्हती. डब्याच्या आकाराचे दोन जीव, पोटात एक मोटर. ती फिरली की झटका बसून डबा उडी मारायचा, आणि एक उडी मारून खाली यायला पंधरा पंधरा मिनिटं.

मी हे पेपरात वाचलं आणि तसाच पेपर घेऊन मनोहरच्या दुकानात गेलो. पुढे आमचं विज्ञान प्रदर्शन होतं. विद्यार्थ्यांसारखा प्रयोगशाळा परिचरांचाही त्यात वेगळा गट असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्या गटात पहिलं यायचं, असं माझं म्हातारपणीचं स्वप्न होतं.

मनोहरने सगळं वाचलं, पण तो अडकला भलत्याच ठिकाणी. बातमीच्या तळाशी चार ओळी होत्या. त्याच लोकांच्या आधीच्या मोहिमेत असाच एक रोव्हर सोडला होता, पण सोडायच्या क्षणी यान वर चढत होतं. रोव्हर लघुग्रहावर पडलाच नाही. तसाच बाजूने निघून गेला, मोकळ्या आकाशात. काही तास स्वतःची खबरबात पाठवत राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

"मंग त्याले आणाले कोणी गेलं का?" मनोहरने विचारलं.

"कोण जाते बे तिथं?"

"काय बोलून राह्यला होता तो?"

"काय बोलन… आपलं तापमान वगैरे सांगत असन."

मनोहरने हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे आयकाले कोणी नाई, अन् तो सांगूनच राह्यला, मले इतकी थंडी वाजते म्हून."

मी हसलो होतो. माझ्या मूर्खपणाची यादी करायला बसलं तर हे हसू बरंच वर येईल.

दोन महिने खपून आम्ही अर्ध्या किलोच्या तुपाच्या डब्यांचे दोन रोव्हर बनवले. थोरला माझ्याकडे, धाकटा मनोहरकडे. पोटात मोटर, तापमान मोजायचं यंत्र, बिनतारी बेलमधलं एक कार्ड, आणि डोक्यावर लाल दिवा. एकाने उडी मारली की तो आपल्या जागचं तापमान दुसऱ्याला कळवायचा आणि दुसऱ्याचा दिवा तितक्या वेळा लुकलुकायचा. एक अंश, एक लुकलुक. हिशेब इतका सोपा की मला जमावा. पल्ला फार तर शंभर पावलं, म्हणजे मनोहरच्या दुकानापासून माझ्या प्रयोगशाळेपर्यंत.

त्याचा आम्ही रोजचा उपयोग शोधून काढला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मनोहर चहा ठेवायचा आणि धाकट्याला उडी मारायला लावायचा. इकडे प्रयोगशाळेत थोरल्याचा दिवा लुकलुकायला लागायचा. मी हातातली नळी टाकून निघायचो. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस लुकलुक व्हायच्या, तोवर मी दुकानात पोचून बशी तोंडाला लावलेली असायची.

हे सगळं जुळवताना मनोहरने एकदा विचारलं, "मास्तर, शून्य आलं तर?"

"कोणतं शून्य?"

"शून्य डिग्री. दिवा लागणारच नाई. मंग समजन कसं, तिथं शून्य हाय का मशीन मेली?"

"वर्धा जिल्ह्यात शून्य? फक्त तुझ्या डोक्यात असन तेवढंच."

"पण लघुग्रहावर तं असन ना?"

"लघुग्रहावर तुले कोण पाठवून राह्यलं?"

विषय संपला. शून्याची काहीच खूण न ठेवता आम्ही डबे बंद केले. ज्या यंत्राने अंतराळातली थंडी मोजायची, ते आम्ही पुलगावच्या मे महिन्यावर बेतलं.

प्रदर्शनात कागदाच्या लगद्याचा लघुग्रह केला, त्यावर दोघांना सोडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग परीक्षक आले, चष्म्यावरून पाहणारे. दिवा मोजला, मान डोलावली, आणि शांतपणे विचारलं, "तापमान शून्य झालं तर काय दिसेल? आणि शून्याच्या खाली?"

मनोहर माझ्या शेजारीच उभा होता, बॅटरीची पिशवी धरून. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, मी आता म्हणेन, "सर, हा प्रश्न आमच्या मनोहरने आधीच काढला होता."

मी म्हणालो, "सर, ते यांचं काम. हे दुकानदार माणूस, यांना विज्ञानाचा गंध नाही. मी तर सांगितलं होतं यांना."

परतीच्या एस.टी.त मी शेजारची जागा धरून ठेवली होती. मनोहर मागे जाऊन बसला, धाकट्याला मांडीवर घेऊन.

निकाल सांगून टाकतो. गटात तीनच स्पर्धक होते. मला उत्तेजनार्थ मिळालं.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रस्ता ओलांडायला शंभर पावलं… मी ओलांडली नाहीत. त्याने यावं, मग मी मोठ्या मनाने बोलेन, असं माझं चाललेलं. चार महिन्यांनी दुकानाला कुलूप लागलं. मनोहर गिरडला गेला असं पानवाल्याकडून कळलं.

मग मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी बायको गेली. मुलगी पुण्याला, रविवारी व्हिडिओवर भेटते. पुलगावजवळ नाचणगावच्या घरात मी, एक फ्रीज आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाशी मी बोलतो. ते उलट उत्तर देत नाही. थोरला फ्रीजवर होता, त्याच्यावर बायकोने कधीकाळी विणलेला रुमाल.

गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी मी खाटेवर पडून छताचा पंखा पाहत होतो. पंखा बंद होता, कारण लाइन गेलेली. ऊन असं की कुत्रीसुद्धा भुंकायचं लांबणीवर टाकतात. तेवढ्यात फ्रीजवर रुमालाच्या आत काहीतरी लाल झालं… विझलं… पुन्हा लाल झालं.

खरं सांगतो, मला भीती वगैरे वाटलीच नाही. मी उठलो, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेलो. चहाला. दाराची कडी हातात आल्यावर आठवलं की मी नाचणगावात आहे, समोर दुकान नाही, आणि सात वर्षं झालीत. घड्याळात पाहिलं. तीन दहा होऊन गेले होते.

त्या दिवशी मोजायचं सुचलं नाही. बुधवारी तीन वाजल्यापासून समोर खुर्ची टाकून बसलो. बरोबर दहा मिनिटांनी दिवा लागला. चोवीस लुकलुक. बाहेर पंचेचाळीस अंश असताना चोवीस. गुरुवारी पुन्हा चोवीस. माझ्यातला परिचर जागा झाला. म्हटलं, यंत्र बिघडलं, शेजाऱ्याच्या नव्या बेलचे संदेश पकडत असेल. उघडून पाहू.

झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

असणार कसे? निवृत्तीच्या आठवड्यात ते काढून मीच भिंतीवरच्या घड्याळात टाकले होते, आणि पुढे दर दिवाळीला नवे आणले तेही घड्याळातच टाकत आलो. डब्यात दोन गंजक्या स्प्रिंगा आणि एक वाळलेली पाल. मी झाकण लावलं, रुमाल घातला आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. घरात जावंसं वाटेना.

शुक्रवारी पहाटे उठून गिरडला निघालो. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर करत, गाड्या बदलत पोचायला दुपार झाली. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. 'इकडे काम निघालं म्हणून आलो' हे सगळ्यात बरं वाटलं.

दार शोभावहिनींनी उघडलं, मनोहरच्या बायकोने. हातात कपड्यांची पिशवी, निघायच्याच बेतात.

"भाऊजी तुम्ही? तुम्हाले कोणं सांगतलं?"

"का झालं?"

"ते तं वर्ध्याच्या दवाखान्यात हायेत. छातीत पाणी झालं. मंगळवारी भरती केलं. पोरगा तिथं हाय, मी कपडे न्याले आली."

वर्ध्याचा तो दवाखाना… त्याच्याच समोरून माझी बस सकाळी गेली होती. मी खिडकीतून त्याची पाटी वाचली होती, वेळ जात नव्हता म्हणून. माणूस शेजारी असताना सत्तर-ऐंशी किलोमीटर पुढे जाऊन त्याला शोधायचं, हे माझ्या एकंदर स्वभावाला धरूनच झालं.

"वहिनी, तो डबा आहे का? लाल दिव्याचा?"

त्यांनी मागच्या खोलीत नेलं. टिनाच्या छपराखाली फळीवर धाकटा बसला होता. हात लावला तर चटका बसला. झाकण काढलं, सेल होते, पण फुटून पांढरं मीठ साचलेलं. हा डबा कित्येक वर्षांत कोणी उघडला नव्हता हे मलाही दिसत होतं. आणि या खोलीत चोवीस अंश… पोळी भाजता आली असती तिथे.

"रोज पुसत होते त्याले," वहिनी म्हणाल्या. "कधी चालू नाई केलं. मी म्हणो, मास्तरले एक फोन करा. म्हणे, त्याले गरज असन तं थो करन."

वहिनींबरोबर उलटा वर्ध्याला आलो. बसमध्ये त्यांनी एकदाही विचारलं नाही की मी सात वर्षं कुठे होतो. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मनोहर अतिदक्षता विभागात होता. एकेकालाच आत सोडत होते. मी शिरलो आणि अंगावर काटा आला. आधी वाटलं भीतीने, मग कळलं, एसीने. भिंतीवरच्या एसीवर, त्याच्या डोक्याच्या वर, हिरव्या आकड्यांत लिहिलं होतं : २४.

मी दारातच थांबलो. नाकात नळ्या घातलेला मनोहर माझ्याकडेच पाहत होता.

"मास्तर," तो म्हणाला. "इन्स्पेक्शनले आले का?"

"इकडे काम निघालं म्हणून…" तोंडात तेच वाक्य आलं. मग गिळलं. "कसं वाटून राह्यलं?"

"थंडी वाजते. बाहेर लोकं भाजून राह्यले अन् इथं माही कुल्फी करून ठेवली."

मी त्याला दिव्याचं सांगितलं. तीन दहा, चोवीस लुकलुक, सगळं. त्याने मान वळवून वर हिरव्या आकड्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि धंद्यातला पहिला प्रश्न विचारला.

"सेल होते का?"

"नव्हते."

"मंग लूज कनेक्शन असन."

हसता हसता त्याला खोकला आला, नर्सने माझ्याकडे डोळे वटारले. मी खोकला थांबायची वाट पाहिली. आता नाही तर कधीच नाही, हे मला समजत होतं.

"मन्या, थे शून्याचं…"

"कोणतं शून्य?" त्याला पक्कं माहीत होतं. पण माझ्या तोंडून काढून घ्यायचं होतं त्याला, आणि तो त्याचा हक्कच होता.

"प्रदर्शनात मी खोटं बोललो. शून्याचं तू म्हटलं होतं. मी तुले हसलो, अन् मंग तुह्यावरच टाकलं."

"माहीत हाय मले. मी तिथंच होतो ना."

यंत्राची टिकटिक चालू होती. पाय कुठे ठेवावेत ते मला कळेना.

"सात वर्षं लागले तुले?" तो म्हणाला.

"एस.टी. उशिरा आली."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मंग शून्याले खूण कोणती ठेवता?"

"तू सांग."

"एकच. लांब. आपला लागू द्याचा, अन् धिम्यानं इझू द्याचा. पाहणाऱ्याले समजलं पाहिजे, मशीन जित्ती हाय म्हून."

"ठरलं," मी म्हणालो. "उतरल्यावर दोघं बसून बदलू." बरा झाल्यावर असं म्हणायचं होतं, तोंडातून रोव्हरसारखं 'उतरल्यावर' गेलं. त्याने मला दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर एक दिवसाआड मी वर्ध्याला जात राहिलो. वहिनींना सांगून दोन चादरी मिळवल्या, नर्सशी भांडून तिसरी. ज्या दिवशी घरी असे, त्या दिवशी तीन दहाला चोवीस. नवव्या दिवशी सकाळी मनोहर गेला. गिरडला टेकडीखालच्या नाल्याजवळ भर उन्हात त्याला अग्नी दिला. जमीन इतकी तापली होती की चपलेतून पाय भाजत होते… आणि मी मनात म्हणत होतो, आता तरी याची थंडी जाईल.

दुसऱ्या दिवशी घरी होतो. तीन दहाला दिवा लागला. मोजल्या, एकोणीस.

मी तो डबा कुठेही फेकला नाही, कोणाला दाखवलाही नाही. शाळेतले सध्याचे सर म्हणाले असते, बाबा, तुम्ही एकटे राहता. ते खोटं नाही. मी फक्त कॅलेंडरवर आकडा लिहीत गेलो, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. सोळा. पुन्हा सोळा. बारा. नऊ. बाहेर मे संपत होता, रात्रीसुद्धा पारा तीसच्या खाली उतरत नव्हता, आणि माझ्या फ्रीजवर आकडा घसरतच होता. पाच. तीन. तेरवीच्या आदल्या दिवशी एक. एकदाच लुकलुकला. मी आणखी अर्धा तास खुर्चीत बसलो, चुकून एखादी राहिली असेल म्हणून.

तेरवीला गिरडला गेलो. त्या दिवशीचं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला चहा ठेवला. दोन कप. माझ्यासारख्या माणसाने असलं काही करावं याची मला लाज वाटते, पण ठेवला. तीन दहाला दिवा लागला आणि विझलाच नाही. लाल, स्थिर. यंत्रात तशी काही सोयच नव्हती, त्यात आम्ही पुढे काही बदल केलाच नव्हता, आणि आत सेल तर अजूनही नव्हते. लांब दिव्याची गोष्ट जगात दोघांना माहीत होती, त्यातला एक गेलेला. चहावर साय धरली तरी दिवा तसाच. मग अगदी धिम्यानं, कंदिलाची वात खाली करावी तसा, तो विझला.

"समजलं," मी मोठ्याने म्हणालो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यानंतर दिवा लागलेला नाही. आता वर्ष होत आलं. कपॅसिटर, शेजाऱ्याची बेल, उन्हाने डोळ्यापुढे चमकणं, एकटेपण, हे सगळं मी स्वतःच स्वतःला सुचवून झालं आहे, त्यातलं एकही चोवीसच्या आकड्याला लागू पडत नाही. रोज तीनला मी खुर्ची टाकून बसतो. दिवा लागत नाही. मशीन मेली असेल. किंवा तो अजून सांगतच असेल, तिकडे लांब… पण शून्याच्या खाली काय खूण ठेवायची, ते आमचं ठरायचं राहून गेलं.